समोरच्याचा दावा आणि आपला खिसा

तुळजापूरहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ३६१ औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडात येतो आणि अर्धापूरवरून पुढे यवतमाळ-वर्ध्याकडे जातो. दिवाळीच्या आगेमागे हा रस्ता फुलून गेलेला असतो. सोयाबीनची पोती आडतीकडे निघालेली, गळीत हंगामासाठी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची डागडुजी सुरू, पुण्यात नोकरीला असलेली माणसं गावाकडे येत असतात, लातूर-नांदेडच्या क्लासेसमधली पोरं सुट्टीला घरी निघालेली असतात. एमएच-२४ आणि एमएच-२६ च्या जोडीला पुण्याच्या एमएच-१२, बिदरकडच्या केए, निजामाबादकडच्या टीएस-टीजी पाट्या दिसतात.

या गर्दीत एखादी कार पुढच्या कारला मागून धडकते. बंपर दबतो, दिवा फुटतो, कुणाला फारसं लागलेलं नसतं. दोन्ही गाड्या कडेला लागतात, चार माणसं जमतात आणि त्यातलं एक जाणतं माणूस म्हणतं, "मिटवून टाका इथंच." मागच्या गाडीवाल्याच्या मनातही तेच असतं. त्याचा हिशेब ठरलेला: समोरच्यानं आपल्या इन्शुरन्सवर क्लेम टाकला तर सुरुवातीची रक्कम आपल्यालाच भरावी लागणार, बोनस जाणार, पुढच्या वर्षी हप्ता वाढणार, वर पोलीस आणि कोर्ट. त्यापेक्षा आठ-दहा हजार हातावर ठेवलेले बरे.

हा हिशेब मराठवाड्यात रोज मांडला जातो आणि त्यातली पहिली तीनही कलमं चुकीची आहेत. समोरच्या माणसानं तुमच्यावर दावा केला तर तुमच्या पॉलिसीतली ती 'सुरुवातीची रक्कम' तिथे लागूच होत नाही. बोनसही जात नाही. थर्ड पार्टीचा हप्ता सरकारनं ठरवलेला असतो, तो तुमच्या एका अपघातानं वाढत नाही. खिशाला खरी कात्री लागते ती भलतीकडेच, आणि तिथे लागली तर ती हजारात नसते, लाखात असते. म्हणून हे प्रकरण नीट, आकड्यांसकट उलगडून सांगावंसं वाटतं.

आपण ज्याला 'फुल इन्शुरन्स' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतो त्या एकाच पॉलिसीत दोन वेगळे करार असतात. पहिला तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला कंपन्या 'ओन डॅमेज' आणि एजंट 'ओडी' म्हणतात. दुसरा तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा, म्हणजे थर्ड पार्टी. पहिला घेणं तुमच्या मर्जीवर आहे. दुसरा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नं सक्तीचा केलेला आहे. त्याच्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'कम्पल्सरी डिडक्टिबल' म्हणून एक रक्कम छापलेली असते. दीड हजार सीसीपर्यंतच्या खासगी कारला १,००० रुपये, त्याहून मोठ्या इंजिनाला २,००० आणि मोटारसायकलला १०० रुपये. ही रक्कम फक्त पहिल्या करारातून वजा होते. पॉलिसीच्या शब्दांतच ते आहे: वजावट 'सेक्शन एक'च्या प्रत्येक दाव्याला लागू, आणि समोरच्याचा दावा येतो तो 'सेक्शन दोन'खाली.

वर्कशॉपचा माणूस गाडी ताब्यात देताना "फाइल चार्जचे हजार रुपये वेगळे" असं म्हणतो, ते हेच हजार. अनेकांना ती वर्कशॉपची फी वाटते. ती तुमच्या कराराची रक्कम असते आणि 'झिरो डेप' (सुट्या भागांच्या किमतीतली घट न कापणारं जादा संरक्षण) घेतलेलं असलं तरी ती द्यावीच लागते.

आता स्वतःच्या गाडीच्या दाव्यात हे हजार रुपये किती लहान असतात ते बघू. समजा, गाडी साडेतीन वर्षांची, बाराशे सीसीची, साधी पॉलिसी, झिरो डेप नाही. पुढचा बंपर ६,०००, बॉनेट १२,०००, पुढची काच ७,०००, डेंटिंग-फिटिंगची मजुरी ५,००० आणि रंगकाम ८,०००. बिल झालं ३८,०००. जीएसटी बाजूला ठेवू. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर निम्मी घट धरतात, म्हणून बंपरचे ३,०००च मिळतील. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर २५ टक्के घट, म्हणजे बॉनेटचे ९,०००. काचेवर घट नसते, पूर्ण ७,०००. मजुरीही पूर्ण. रंगाचं एकत्र बिल असेल तर त्यातला चौथा हिस्सा रंगाच्या साहित्याचा धरून त्यावर निम्मी घट, म्हणजे ७,००० मान्य. बेरीज ३१,०००. त्यातून वजावटीचे १,००० गेले, कंपनी देणार ३०,०००. मालकाच्या खिशातून ८,००० गेले, त्यांतले सात हजार घटीचे आणि एक हजार वजावटीचा. गाडी पाच वर्षांच्या पुढे गेली की पत्र्यावरची घट ४० टक्क्यांवर जाते, दहा वर्षांनंतर ५०. जुन्या गाडीला साधी पॉलिसी घेऊन "कंपनीनं निम्मेच दिले" अशी तक्रार करणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा इथे असतं.

याशिवाय 'व्हॉलंटरी डिडक्टिबल' नावाचा एक पर्याय असतो. मी जास्तीचे अडीच, पाच, साडेसात किंवा पंधरा हजार स्वतः सोसतो, मला हप्त्यात सवलत द्या, असा तो सौदा. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये ५,००० रुपयांची तयारी दाखवणाऱ्याला ओडीच्या हप्त्यात २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये सूट होती. २००७ पासून ओडीचे दर खुले झाले आणि कंपन्या आपापलं गणित करू लागल्या. ऑनलाइन पॉलिसी घेताना हप्ता कमी दिसावा म्हणून हा रकाना कधी कधी आधीच भरलेला दिसतो. तो बघूनच पुढे जावं. वरच्या उदाहरणात व्हॉलंटरी पाच हजार असते तर कंपनीनं २५,०००च दिले असते. मात्र ही रक्कमही समोरच्याच्या दाव्याला शिवत नाही.

बोनसचंही तसंच. 'नो क्लेम बोनस' फक्त ओडीच्या हप्त्यावर मिळतो: पहिल्या बिनदाव्याच्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. तुम्ही स्वतःच्या गाडीसाठी क्लेम टाकला की तो शून्यावर येतो. ओडीचा मूळ हप्ता ९,००० असेल आणि पुढच्या वर्षी ४५ टक्के मिळणार असतील तर एका क्लेमनं ४,०५० रुपये जातात, आणि पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून चढाव्या लागतात. चार-पाच हजारांच्या ओरखड्यासाठी ओडीचा क्लेम न टाकणं शहाणपणाचं ठरतं ते यामुळे. समोरच्या माणसानं तुमच्यावर थर्ड पार्टीचा दावा केला आणि तुम्ही स्वतःच्या गाडीसाठी काही मागितलं नाही, तर बोनस जसाच्या तसा राहतो. इंग्लंडात हे वेगळं आहे. तिथेही 'एक्सेस', म्हणजे आपली वजावट, समोरच्याच्या दाव्याला लागत नाही, पण चूक तुमची ठरून तुमच्या कंपनीनं समोरच्याला पैसे दिले की तुमची नो-क्लेम सवलत कापली जाते आणि पुढचा हप्ता चढतो. शिवाय चूक नसलेला माणूस स्वतःच्या कंपनीला दिलेला एक्सेस चुकलेल्याच्या कंपनीकडून परत मागतो आणि बहुधा मिळवतो. तिकडे नोकरीला असलेल्या मुलांकडून ऐकलेले नियम घरचे लोक इथे लावतात, आणि गोंधळ वाढतो.

मग रस्त्यावरचा समोरचा माणूस रोख का मागतो? कारण आपल्याकडे दोन गाड्या घासल्या की प्रत्येकानं आपापल्या ओडीतून दुरुस्ती करून घ्यायची, असा रिवाज आहे. विमा कंपन्यांनीही आपसांत तसाच समझोता करून ठेवलेला आहे, की ज्याची त्याची गाडी ज्याच्या त्याच्या कंपनीनं दुरुस्त करावी आणि एकमेकींच्या मागे लागू नये. समोरच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर त्याच्या बंपरला कुणीच वाली नसतो. तुमच्या कंपनीच्या कॅशलेस वर्कशॉपमध्ये तो गाडी लावू शकत नाही. तो तुमच्याकडे हात पसरतो, त्याचा रागही समजण्यासारखा आहे. कायद्यानं त्याला मार्ग आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मालमत्तेच्या नुकसानीचा दावाही करता येतो, आणि खासगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंत, मोटारसायकलच्या पॉलिसीत एक लाखापर्यंत संरक्षण असतं. पण हप्त्यात शंभर-पन्नास रुपये वाचवायला ही मर्यादा फक्त ६,००० वर आणण्याची सोयही पॉलिसीत ठेवलेली आहे, आणि एजंट स्वस्त पॉलिसी दाखवण्याच्या नादात ती घेतो. मग उद्या तुमची गाडी लातूरच्या गंजगोलाईतल्या एखाद्या दुकानाच्या काचेत शिरली, तर सहा हजारांवरचं सगळं तुमचं. पॉलिसीत 'टीपीपीडी' (थर्ड पार्टी प्रॉपर्टी डॅमेज) या शब्दापुढे काय आकडा आहे, तो आजच वाचावा.

बंपर-दिव्याचं प्रकरण मिटवून टाकणं एक वेळ समजू शकतं. माणूस जखमी असताना मिटवणं दोघांच्याही मुळावर येतं. प्रत्येक मोटार पॉलिसीत एक अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमेदारानं चूक कबूल करायची नाही, पैसे देऊ करायचे नाहीत, वचन द्यायचं नाही. दुसरी अट म्हणजे अपघाताची खबर लगेच द्यायची आणि समोरच्याकडून आलेली प्रत्येक नोटीस, प्रत्येक समन्स कंपनीकडे पाठवायचं. कायद्याचं कलम १३४ ही ड्रायव्हरवर तेच कर्तव्य टाकतं: जखमीला दवाखान्यात न्यायचं, चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं आणि विमा कंपनीलाही कळवायचं. प्रत्यक्षात होतं असं की मोटारसायकलवरून पडलेल्याला पंधरा हजार देऊन, बाँडवर 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून घेतलं जातं. महिन्याभरानं कळतं की मांडीच्या हाडाचा जोड बसला नाही. नांदेडच्या किंवा लातूरच्या दवाखान्यात पुन्हा ऑपरेशन. मग वकील गाठला जातो आणि दावा येतो, बाँड त्याला अडवू शकत नाही. तोवर कारवाल्यानं कंपनीला काहीच कळवलेलं नसतं, आणि त्या कागदावर 'चूक माझी' असं स्वतःच्या हातानं लिहूनही दिलेलं असतं.

असे दावे चालतात ते जिल्हा न्यायालयांत. जिल्हा न्यायाधीश आणि अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशच न्यायाधिकरण म्हणून बसतात. नांदेडचं नांदेडला, लातूरचं लातूरला. अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जातं. अर्जात गाडीचा मालक, ड्रायव्हर आणि विमा कंपनी हे सामनेवाले असतात. इथे मराठवाड्यातला मालक सर्वांत मोठी चूक करतो. समन्स आलं की तो म्हणतो, "इन्शुरन्स आहे ना, कंपनी बघून घेईल," आणि तारखेला जातच नाही. प्रकरण त्याच्याविरुद्ध एकतर्फा चालतं. कंपनीचे वकील येतात, पण ते कंपनीचे असतात. मालक लढत नसेल तर कलम १७० खाली न्यायाधिकरण कंपनीला सगळ्या मुद्द्यांवर लढायची मुभा देऊ शकतं, आणि कंपनीचा हमखास मुद्दा असतो तो ड्रायव्हरच्या परवान्याचा, परमिटचा, गाडीच्या वापराचा. परवाना घरात टेबलाच्या खणात असतो. तो कोर्टात दाखल करायला कुणी नसतं.

याची किंमत समजायला भरपाई कशी मोजतात ते एकदा पाहावं लागेल. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात वयानुसार गुणक ठरवून दिले आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रणय सेठी प्रकरणात घटनापीठानं भावी उत्पन्नवाढीचा हिस्साही नक्की केला. समजा, महिना वीस हजार कमावणारा ३२ वर्षांचा मिस्त्री गेला. घरात बायको, दोन लेकरं आणि आई. स्वतःचा धंदा करणारा चाळिशीच्या आतला माणूस म्हणून उत्पन्नात ४० टक्के वाढ: २८,०००. चार जण अवलंबून म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा: २१,०००. वर्षाचे २,५२,०००. या वयाला गुणक १६. झाले ४०,३२,०००. त्यावर अंत्यविधी, वारसा आणि पत्नीच्या सहवासाच्या नुकसानीच्या ठरावीक रकमा, आणि अर्ज दाखल झाल्यापासूनचं व्याज. मृत्यू आणि इजेसाठी थर्ड पार्टी विम्याला रकमेची मर्यादा नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार हजार ते दीड हजार सीसीच्या कारला हे संरक्षण वर्षाला ३,४१६ रुपयांत आणि दीडशे सीसीपर्यंतच्या साध्या मोटारसायकलला ७१४ रुपयांत मिळतं. त्या चाळीस लाखांतून मालकानं द्यायची वजावट शून्य.

कागद सरळ असतील तर हे असं आहे. ते सरळ नसतील तर न्यायालयं 'आधी भरा, मग वसूल करा' असा आदेश देतात: मृताच्या घराला कंपनीनं पूर्ण रक्कम द्यावी आणि ती गाडीच्या मालकाकडून परत घ्यावी. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं या वसुलीचा रस्ताही सांगितला. मालकानं तीस दिवसांत पैसे जमा केले नाहीत तर न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना प्रमाणपत्र देतं आणि कलम १७४ नुसार रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. कोर्टातून निघालेला कागद तहसीलमध्ये येतो आणि तलाठ्याच्या दप्तरातून सातबारापर्यंत पोचू शकतो. चार एकर कोरडवाहू असलेल्या घराला चाळीस लाखांची वसुली म्हणजे काय, हे इथल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. हजार रुपयांच्या वजावटीला घाबरणारी माणसं या वसुलीबद्दल बेसावध राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

ती कशामुळे ओढवते? सर्वांत जास्त, गाडी ज्या कामासाठी नाही त्या कामाला लावल्यामुळे. लग्नसराईत मालवाहू टेम्पोत वऱ्हाड बसतं. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाला, नवरात्रात माहूरच्या रेणुकेला अशाच गाड्या भरून जातात. आशा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की मालवाहू गाडीतल्या फुकट प्रवाशांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही. तोच टेम्पो, तोच रस्ता, पण शेतकरी आपल्या सोयाबीनच्या पोत्यांसोबत बसून अहमदपूरच्या मोंढ्यात निघाला असेल तर मालाचा मालक म्हणून त्याला संरक्षण आहे. १९९४ च्या दुरुस्तीनं ते दिलं. सकाळी पोत्यांवर बसलेला माणूस विम्यात असतो आणि संध्याकाळी हळदीला जाताना त्याच टेम्पोत तो विम्याबाहेर असतो.

ट्रॅक्टरचं दुखणं तर ऊसपट्ट्यात प्रत्येक हंगामात उघडं पडतं. ट्रॅक्टरवर ड्रायव्हरखेरीज कुणाला बसायला जागाच नाही, असं कंपनी म्हणते आणि कागदावर ते खरं असतं. शेतीकामासाठी विमा उतरवलेला ट्रॅक्टर भाड्यानं विटा-वाळू वाहत असेल, ट्रॉलीत मजूर बसवले असतील किंवा पॉलिसीत ट्रॉलीची नोंदच नसेल, तर प्रत्येक मुद्द्यावर वाद उभा राहतो. बीड-परळीकडून आलेली तोडणी कामगारांची जोडपी लेकराबाळांसकट ट्रॉलीत बसून फडावरून फडावर जातात. ट्रॉली उलटली तर त्यांच्या भरपाईचं आणि ट्रॅक्टरमालकाच्या जमिनीचं भवितव्य पॉलिसीतल्या एका ओळीवर ठरतं. हप्ता भरताना ट्रॉलीचा नंबर आणि मजुरांसाठीचा जादा हप्ता लिहून घ्यायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मिळवून देण्याची जबाबदारी कारखान्यांच्या शेतकी विभागांनीही उचलायला हवी. ऊस वाहतुकीचे करार तेच करतात.

परवान्याच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत न्यायालयं बरीच समंजस झाली आहेत. परवाना नव्हता एवढं सांगून कंपनी सुटत नाही; मालकानं जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे तशा माणसाच्या हाती गाडी दिली, हे तिला सिद्ध करावं लागतं. ड्रायव्हर ठेवताना मालकानं परवाना पाहिला, गाडी चालवून घेतली आणि नंतर तो परवाना बनावट निघाला, तर मालक बहुधा वाचतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचं वाहतुकीचं वाहन चालवता येतं हे पक्कं केलं, त्यामुळे काळी-पिवळी आणि छोटा हत्ती चालवणाऱ्यांच्या डोक्यावरची मोठी टांगती तलवार गेली. सोळा वर्षांच्या पोराच्या हाती गाडी देणाऱ्याला मात्र कुठलाच निकाल वाचवत नाही. लातूरच्या क्लासेसच्या रस्त्यांवर सकाळी सहा वाजता उभं राहिलं तर परवान्याचं वय न झालेली किती मुलं मोटारसायकलवर असतात ते दिसतं. कलम १९९-अ खाली पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि भरपाईची वसुली याशिवाय. बापानं आपल्या नावावरची गाडी खोली करून राहणाऱ्या मुलाकडे ठेवलेली असते, मालक तोच.

आणि विकलेल्या गाड्या. आपल्याकडे जुनी मोटारसायकल विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या की काम संपलं असं समजतात. घेणारा दोन वर्षं नावावर करत नाही, मग तिसऱ्याला विकतो. २०१८ च्या नवीन कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक, मधे कितीही हात बदलले असोत. विमा संपलेली ती गाडी उदगीरजवळ कुणाला उडवते आणि समन्स येतं ते ती चार वर्षांपूर्वी विकलेल्या माणसाच्या घरी. सह्या करून देण्याऐवजी घेणाऱ्यासोबत आरटीओत जाऊन गाडी त्याच्या नावावर चढवणं, एवढाच त्यावर उपाय आहे. घेणाऱ्यानं चौदा दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर आपोआप जातं. ओडीचं जात नाही.

आता दुसऱ्या बाजूनं, म्हणजे ज्याला लागलं त्याच्या बाजूनं. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे अपघातात गेले, तेव्हा मराठवाडा हादरला होता. त्या मृत्यूनंतर केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी नव्या रस्तासुरक्षा कायद्याची घोषणा केली. बरीच वळणं घेत २०१९ ची दुरुस्ती आली आणि विम्याबाबतच्या तिच्या तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या. आता कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख मिळू शकतात. पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे द्यायचा आहे, म्हणजे विधवेला कागदांसाठी ठाण्याच्या पायऱ्या झिजवायला लागू नयेत. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे पाळण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले. जिथे आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो. देगलूरच्या माणसाला निजामाबादकडे अपघात झाला तरी त्यानं तेलंगणात खेटे घालायची गरज नाही. समोर एसटीची बस असेल तर सामनेवाली विमा कंपनी शोधत बसू नये. सरकारी परिवहन उपक्रमांना स्वतःचा निधी ठेवून विम्यातून सूट घेता येते आणि दावा थेट महामंडळावर होतो.

पण याच दुरुस्तीनं एक जाचक गोष्टही परत आणली. कलम १६६ खालचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायचा अशी मुदत घातली. १९९४ मध्ये संसदेनं अशी मुदत काढून टाकली होती, ती जखमी माणूस सहा महिने खाटेवरच असतो हे ओळखून. पाटोद्याची किंवा किनवटच्या तांड्यावरची बाई नवऱ्याच्या दिवसकार्यातून, सावकाराच्या तगाद्यातून डोकं वर काढेपर्यंत सहा महिने निघून जातात. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. ती जायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. ती असेपर्यंत जखमीच्या घरच्यांनी वाट पाहू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि राष्ट्रीय लोकअदालतीत अपघाताचे दावे तडजोडीनं निघतात. तडजोड करायचीच असेल तर ती तिथे, न्यायाधीशांसमोर आणि कंपनीच्या संमतीनं करावी.

धडक देणारी गाडी पळून गेली आणि तिचा नंबरही कुणी पाहिला नसेल, तर कलम १६१ खाली मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५०,००० रुपये मिळतात. त्यासाठी वकील लागत नाही. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात द्यायचा आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून येते.